आपलंच असणार

"आपलंच असणार," असं म्हणून ताई पेनाचं टोपण गळ्याखालच्या हाडावर टकटक वाजवायच्या. तक्रार कुठलीही असो, कुणाचीही असो, पहिलं वाक्य हेच. प्रिंटर अडला, आपलंच असणार. बँकेची वेबसाइट उघडेना, आपलंच असणार. एकदा भर दुपारी अख्ख्या इंदिरानगरची लाईट गेली, तर या बाई खुर्चीवर चढून आमच्या ऑफिसचा फ्यूज काढून बघत होत्या. खालून किराणा दुकानदार ओरडला, "मॅडम, सगळ्या एरियाची गेलीय!" तरी त्यांनी फ्यूज पदराने पुसला, परत बसवला आणि मगच खाली उतरल्या.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना हसतो, आणि काही बिघडलं की सगळ्यात आधी त्यांच्याच टेबलापाशी जाऊन उभे राहतो.

आम्ही त्यांना ताई म्हणायचो. वयाने चाळिशीच्या आसपास. माहेर एकलहऱ्याचं. वडील तिथल्या वीजकेंद्रात ऑपरेटर होते आणि ताई कॉलनीतच वाढलेल्या. भारनियमनाचे दिवस होते, रोज काही तास लाईट जायची, आणि गेली की आमच्यातलं कुणीतरी हमखास म्हणायचं, "ताई, तुमच्या एकलहऱ्याला फोन लावा जरा." त्या खरंच ओशाळायच्या. जणू वडील निवृत्त झाल्यावर तिथली जबाबदारी यांच्याकडेच आली होती.

राहायला त्या सिन्नरला. नवरा तिथल्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला, मुलगी दहावीत. सकाळी जीपमध्ये दाटीवाटीने बसून नाशिकच्या द्वारका चौकापर्यंत यायच्या, तिथून रिक्षाने इंदिरानगर. एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. आम्ही डझनभर माणसं. मालक परदेशात शिकून आलेला, ताईंपेक्षा लहान, पण आम्ही त्याला सर म्हणायचो. पुणं-बंगळूर सोडून नाशिकमध्ये सॉफ्टवेअर कंपनी काढायची म्हणजे लोक तेव्हा वेड्यात काढायचे. सरांनी ते वेड अंगावर घेतलं होतं आणि ताईंवर विश्वास टाकून घेतलं होतं.

परदेशातली एक लॅपटॉप विकणारी कंपनी आमची गिऱ्हाईक. खरं तर तेवढी एकच. त्यांच्या लॅपटॉपमध्ये आमचा एक छोटा प्रोग्रॅम असायचा. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बसून तो आसपास कुठकुठलं वायरलेस नेटवर्क मिळतंय ते दाखवायचा आणि सांगाल त्याला जोडून द्यायचा. त्याचा मुख्य भाग ताईंनी लिहिला होता. कोपऱ्यातलं त्याचं चिन्ह नेटवर्क जोडल्यावर पहिल्यांदा हिरवं झालं त्या दिवशी त्यांनी सिन्नरहून पेढे आणले होते.

आणि मग तक्रारी यायला लागल्या.

लॅपटॉप सकाळी चांगला चालतो, दुपारपर्यंत मंद होतो, संध्याकाळी गोठतो. बंद करून चालू केला की पुन्हा ताजातवाना. तिकडच्या इंजिनिअरने तपासून कळवलं, तुमचा प्रोग्रॅम मेमरी गिळतोय. मेमरी म्हणजे कॉम्प्युटरची कामापुरती जागा. प्रत्येक प्रोग्रॅमने लागेल तेवढी मागून घ्यायची आणि काम झालं की परत करायची. आमचा प्रोग्रॅम मागत होता, पण त्यातली थोडी थोडी परत करायचं विसरत होता. थेंब थेंब गळून टाकी रिकामी व्हावी तसा लॅपटॉप दिवसाअखेर कोरडा पडायचा. याला मेमरी लीक म्हणतात.

"ताई, त्या वायरलेस कार्डवाल्यांचा दोष असेल," सर म्हणाले. "कार्ड त्यांचं, ते चालवणारा प्रोग्रॅमही त्यांचा. आपण तसं कळवून टाकू."

टोपण टकटक वाजलं. "नाही सर. आपलंच असणार."

"सिद्ध कुठे झालंय?"

"झालं नाही म्हणूनच दुसऱ्याचं नाव कसं घ्यायचं?"

मी तेव्हा नोकरीत नवा नव्हतो, पण असलं संकट पहिल्यांदाच बघत होतो. ताईंनी मला आणि वैशालीला बरोबर घेतलं. वैशाली चाचण्या घ्यायची, मी कोड वाचायचो, ताई दोन्ही करायच्या. टेबलावर लॅपटॉप मांडले, त्यांवर प्रोग्रॅम चालू ठेवला आणि त्याने किती जागा घेतलीय तो आकडा बघत बसलो. आकडा हलायचाच नाही. तिकडे परदेशात लॅपटॉप गोठतायत आणि आमच्याकडे आकडा दगडासारखा.

लाईट जायची तेव्हा आमची मोठी चिडचिड व्हायची. लॅपटॉप आणि पंखे इन्व्हर्टरवर चालायचे, पण वायरलेसचा डबा, म्हणजे राउटर, ज्या भिंतीवर होता तिथला प्लग इलेक्ट्रिशियनने इन्व्हर्टरला जोडलाच नव्हता. लाईट गेली की राउटर बंद आणि नेटवर्क गायब. ताईंनी सक्त नियम केला, की लाईट गेली रे गेली की चाचणी थांबवायची आणि लाईट आल्यावर पहिल्यापासून सुरू करायची. "मोजमाप स्वच्छ पाहिजे," त्या म्हणायच्या. आम्ही मुकाट्याने तसं करायचो.

दिवस जात राहिले. ताईंचा डबा न उघडता परत जायला लागला. एकदा जीप द्वारकेला थांबली तरी त्या उतरल्याच नाहीत, पार पुढच्या स्टँडवर ड्रायव्हरने हटकलं. "मॅडम, गाडी आता माघारी जाती, उतरायचं हाय का नाय?" ही गोष्ट त्यांनीच आम्हाला हसत सांगितली. हसता हसता डोळे भरून आले तसं, "शिंक येतेय," म्हणाल्या आणि उठून गेल्या.

ऑफिसात चहा करायची एक छोटी खोली होती. त्या तिथे जायच्या, नळ सोडायच्या, आणि बराच वेळ फक्त पाण्याचा आवाज यायचा. बाहेर वैशाली माझ्याकडे बघायची, मी पडद्याकडे. बाहेर यायच्या तेव्हा चेहरा धुतलेला असायचा आणि हातात चहाचे कप.

मुलीची परीक्षा जवळ आली होती. दुपारी तिचा फोन यायचा. ताई कोड वाचता वाचता बोलायच्या. "हो गं बाळा, करते मी घरी आले की." एकदा फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, "तिने काय विचारलं रे आत्ता?" मी इकडचंच बोलणं ऐकलेलं, मला काय माहीत! त्यांनी परत फोन लावला नाही. नुसत्याच फोनकडे बघत राहिल्या.

मग एका दुपारी त्यांचे यजमान आले. उंच, अबोल गृहस्थ. हातात डबा. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "अगं, निदान जेवून तरी घे." ताई म्हणाल्या, "अहो, तुम्ही सुट्टी टाकून आलात?" त्यांनी डबा उघडला, आम्हालाही बोलावलं. बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत होतं. ते ताईंच्या पानाकडे बघत हळूहळू जेवले, ताईंचं संपेपर्यंत बसून राहिले आणि मग रिकामा डबा घेऊन निघून गेले. जाताना मला जिन्यात म्हणाले, "झोपेत पण काहीतरी मोजत असते हो." त्यांचा आवाज घाबरलेला होता.

सरांची अवस्था वेगळी नव्हती. रोज सकाळी तिकडची मेल ते दोन-तीनदा वाचायचे. शेवटी एक दिवस त्यांनी ताईंना बोलावलं. दार उघडंच होतं, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"ताई, प्रोग्रॅम दर काही तासांनी आपला आपण बंद होऊन परत चालू झाला, तर घेतलेली सगळी जागा सुटेल ना?"

"सुटेल."

"मग तसंच करू. क्षणभराचं काम. कुणाला कळणारही नाही."

"सर, नेटवर्क तुटेल तेवढ्यात. आणि ही दुरुस्ती नाही. हे झाकणं झालं."

"तोवर आपल्याला वेळ तरी मिळेल. शुक्रवारपर्यंत त्यांना काहीतरी द्यायचंय. नाही दिलं तर संपलं. ताई, मी हात जोडतो."

टोपण वाजलं नाही. मग ताई बाहेर आल्या, टेबलाशी बसल्या आणि लिहायला लागल्या. ते लिहायला त्यांना फार वेळ लागला नाही. वैशाली जवळ गेली तर म्हणाल्या, "तू नको बघू हे."

ते पाठवलं. तिकडून कौतुकाची मेल आली. त्या दिवशी सरांनी सगळ्यांना कोन आइस्क्रीम दिलं. ताईंनी आपलं हातात धरलं होतं, ते मनगटावर ओघळेपर्यंत.

कुणाला कळणार नाही, असं म्हटलेलं बहुतेक कळतंच. कुणाचं चालू बोलणं मध्येच तुटलं, कुणाची अर्धी पोचलेली फाईल गेली. तिकडच्या इंजिनिअरने शोधून काढलं, की प्रोग्रॅम गुपचूप स्वतःला बंद करून चालू करतोय. मेल आली ती सरांनी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बोलावून वाचून दाखवली. नुसती चूक असती तर आम्ही थांबलो असतो, तुम्ही ती आमच्यापासून लपवलीत, यापुढे तुमच्याबरोबर काम करता येणार नाही. एवढाच मजकूर.

कंपनी महिनाअखेर बंद होणार हे सरांना वेगळं सांगावं लागलं नाही.

मी मखमलाबादला घरी जाऊन वडिलांना सांगितलं. ते मळ्यातून शेवंतीच्या पाट्या उतरवून घेत होते. म्हणाले, "पडंना का बंद. मळा हाय ना आपला." मला बरं वाटायला हवं होतं, पण ताईंना मळा नव्हता, हे डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात सुतक असल्यासारखं झालं. पोरं नोकरीचे अर्ज भरत बसली. सर दार लावून बसायचे. ताई मात्र वेळेवर यायच्या, लॅपटॉप चालू करायच्या, तो आकडा उघडून समोर बसायच्या. आता चाचणी नव्हती, नियम नव्हता. त्या काही शोधत होत्या असंही दिसेना. एखादं माणूस आजाऱ्याच्या उशाशी बसतं तशा बसलेल्या.

अशाच एका दुपारी लाईट गेली. नेहमीप्रमाणे राउटरचे दिवे विझले. चाचणी थांबवायला कुणी उठलं नाही, कारण थांबवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"आत्ता काय झालं?" ताई एकदम म्हणाल्या.

"लाईट गेली ताई," वैशाली म्हणाली.

"ते नाही. इकडे ये. हा आकडा आत्ता वाढला."

आम्ही दोघं जाऊन मागे उभे राहिलो. आकडा स्थिर. लाईट येईपर्यंत आम्ही तिघं त्या पडद्यासमोर उभे. लाईट आली, राउटर जागा झाला, यादीत आमचं नेटवर्क दिसायला लागलं. ताई उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि प्लग उपटला. नेटवर्क यादीतून गेलं. आकडा चिमूटभर वर सरकला. प्लग लावला, थांबल्या, पुन्हा उपटला. पुन्हा चिमूटभर.

आम्ही सगळे महिनोन् महिने काय करत होतो ते माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्या काळी आमच्या अख्ख्या गल्लीत वायरलेस फक्त आमच्याच ऑफिसात होतं. परदेशात माणूस लॅपटॉप घेऊन स्टेशनवर, विमानतळावर, हॉटेलात फिरणार. त्याच्याभोवती डझनांनी नेटवर्कं येणार आणि जाणार. प्रत्येक नेटवर्क गेलं की थोडी जागा गळणार. आमच्याकडे एकुलतं एक नेटवर्क, ते जायचं फक्त लाईट गेल्यावर, आणि नेमकं तेव्हाच आम्ही मोजणं थांबवत होतो.

"माझाच नियम," ताई म्हणाल्या. आवाजात काहीच नव्हतं.

"ताई, एका राउटरवर नक्की नाही सांगता येणार," मी म्हटलं.

"मग आणा."

पुढचा दीड दिवस आम्ही इंदिरानगर ते कॉलेज रोड राउटर मागत फिरलो. एक सायबर कॅफेवाला, एक दातांचे डॉक्टर, कॉम्प्युटरची दोन-तीन दुकानं. डॉक्टरांनी विचारलं, "कशाला हवाय?" वैशाली म्हणाली, "बंद-चालू करायला." त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिचा दातच दुखत असावा. पण दिला. नोकरीचे अर्ज भरणारी पोरंही उठली. कुणी बहिणीच्या ऑफिसातून आणला, कुणी मित्राच्या गोदामातून. सगळे टेबलावर ओळीने मांडले. प्रत्येकजण एकेका बटणापाशी.

"बंद," ताई म्हणाल्या. सगळे बंद. "चालू." सगळे चालू. सावकाश, दर वेळी यादी बदलेपर्यंत थांबून. लहान मुलांच्या कवायतीसारखं ते चाललं होतं, पण हसत कुणीच नव्हतं. आकडा आता चिमटीने नाही, ओंजळीने वाढत होता. सरही दार उघडून बाहेर आले आणि एका कोपऱ्यातल्या राउटरपाशी उभे राहिले. "बंद," म्हटल्यावर त्यांनीही बंद केला.

मग ताईंनी कोड उघडला. कुठे बघायचं ते आता ठाऊक होतं. नेटवर्क दिसेनासं झालं की त्याचं नाव यादीतून पुसायचं, ते पुसलं होतं. त्याच्या बाकीच्या माहितीसाठी घेतलेली जागा परत करायची, ती एक ओळ नव्हती. तो भाग ताईंच्याच हातचा. त्यांनी ती ओळ लिहिली आणि आम्ही पुन्हा बटणांपाशी गेलो. बंद, चालू, बंद, चालू. आकडा हलला नाही.

टाळी वाजवावी असं वाटलं, पण हात उचलवेनात. ताईंनी तोंडावर हात धरला होता. तो काढून म्हणाल्या, "एक ओळ रे. तुम्हा सगळ्यांच्या नोकऱ्या."

"ताई, असं नका बोलू," वैशाली रडायलाच लागली.

ताईंनी डोळे पुसले आणि मेल लिहायला घेतली. सर जवळ आले. "कुणाला पाठवताय? काँट्रॅक्ट गेलंय आपलं."

"त्या लोकांच्या लॅपटॉपमध्ये आपला प्रोग्रॅम बसलाय ना अजून. कुणाचे गोठतायत, कुणाचं नेटवर्क तुटतंय."

त्यांनी लिहिलं, की दोष कुठे होता, तो कसा काढला, आणि दोष माझा होता. प्रोग्रॅम गुपचूप बंद-चालू करण्याची व्यवस्थाही मीच केली होती, ती काढून टाकली आहे. दुरुस्त केलेला प्रोग्रॅम सोबत जोडला आहे, त्याबद्दल काही नको.

सरांनी मागे उभं राहून वाचलं. "ती कल्पना माझी होती," ते म्हणाले.

"लिहिली मी."

"सरका जरा." सर वाकले आणि त्यांनी खाली स्वतःची एक ओळ जोडली. लपवायला मी सांगितलं, त्यांनी विरोध केला होता. मग दोघांनी मिळून ती मेल पाठवली.

उत्तर आलं ते फक्त मिळाल्याचं. काँट्रॅक्ट परत आलं नाही. बऱ्याच महिन्यांनी पुण्यातल्या नव्या नोकरीत असताना मी त्या कंपनीच्या वेबसाइटवर सहज पाहिलं, तर नव्या आवृत्तीखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की मेमरीची अडचण दूर केली आहे. मी ताईंना फोन करून सांगितलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या आणि लगेच माझ्या आईची तब्येत विचारली. तेव्हा त्या सिन्नरला मुलांना कॉम्प्युटर शिकवायच्या. मुलगी इंजिनिअरिंगला गेली होती. पुढे काही वर्षांनी वैशालीचा फोन आला. ताईंना काविळीचं निमित्त झालं आणि आठवड्यात सगळं आटोपलं. मी पोचलो तोवर घरात फक्त त्यांचे यजमान होते. त्यांनी मला पाणी दिलं, जेवायला बसवलं आणि माझं संपेपर्यंत समोर बसून राहिले.

मला ताई आठवतात त्या ऑफिस रिकामं होत होतं त्या दिवशीच्या. सकाळपासून जुनं फर्निचर घेणाऱ्याची माणसं टेबलं आणि कपाटं जिन्यातून खाली नेत होती. खडखडाट, आरडाओरडा चाललेला. ताई खिडकीजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या. बोलता बोलता त्यांची मान कलली आणि त्या झोपल्या. इतक्या महिन्यांत त्यांना झोपलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. तोंड थोडं उघडं, चपला पायातून सुटलेल्या, अंगावर खिडकीतून आलेलं ऊन. एक हमाल आला, खुर्चीला हात घालणार एवढ्यात सरांनी त्याला खुणेनेच थांबवलं. मग तीही माणसं हळू चालायला लागली. एकेक वस्तू जात गेली, खोली मोठी मोठी होत गेली, आणि शेवटी उघड्या फरशीच्या मधोमध ती एक खुर्ची उरली. आम्ही सगळे जिन्यात बसून राहिलो. कुणालाच घाई नव्हती.